वहिवाट

शेफील्ड म्हटलं की पोलाद, सुऱ्या आणि काटे-चमचे एवढंच आपल्याकडे माहीत असतं. या शहराच्या हद्दीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग पीक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानात मोडतो, हे इथे राहायला येईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. पश्चिमेला शहराचे दिवे संपतात आणि मूर सुरू होतो. मूर म्हणजे उंचावरचा उघडा, झाडं नसलेला, वाऱ्याचा माळ. खाली काळं ओलं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळा-गवताचा थर, वर हेदरची गुडघाभर झुडपं, मध्येमध्ये जाड्याभरड्या वाळूखडकाचे कडे. आपल्या कोकणातल्या सड्यांची आठवण येते, पण सडा दिवाळीनंतर वाळून कडक होतो. मूर बारा महिने ओलाच असतो. या उंचवट्यावरचं पाणी पाच नद्यांनी शहरात उतरतं: डॉन, शीफ, रिव्हलिन, लॉक्सली आणि पोर्टर. त्यांच्यातल्या एखादीच्या काठाने धावत वर चढायचं, माळ ओलांडायचा आणि पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं, हा इथल्या धावणाऱ्यांचा नित्यनेम. माझाही झाला.

सगळ्यांत जास्त जीव जडला तो पोर्टरच्या मार्गावर. एंडक्लिफ पार्कातून निघायचं, पोर्टरच्या काठाने रिंगिंगलोपर्यंत चढायचं, तिथून हाउंडकर्कच्या जुन्या रस्त्याने माळ पार करायचा आणि बर्बेजच्या खोऱ्यातून पॅडली गॉर्ज उतरून ग्रिंडलफर्ड स्टेशन गाठायचं. सोळा-सतरा किलोमीटर होतात. परतीला आगगाडी आहेच.

पोर्टर म्हणजे खरं तर ओढा. उन्हाळ्यात उडी मारून ओलांडता येईल एवढाच. पण या ओढ्याच्या काठाने धावताना दर थोड्या अंतरावर एक तळं लागतं, आणि ती सगळी तळी माणसांनी केलेली आहेत. पाणी अडवायचं, पाटाने चाकावर सोडायचं, चाकाने सहाण फिरवायची आणि तिच्यावर पात्यांना धार लावायची, असा इथला उद्योग. शेफर्ड व्हील नावाची त्यातली एक पाणचक्की अजून उभी आहे. तिथे सोळाव्या शतकापासून धार लावली जात होती. आत लाकडी घोडीवर बसून, सहाणेवर ओणवं होऊन माणसं दिवसभर काम करायची. दगडाची आणि पोलादाची धूळ छातीत जायची. कोरड्या सहाणेवर काटे घासणाऱ्यांचे हाल सर्वांत वाईट. त्यांच्यातले कितीतरी ऐन तारुण्यात फुप्फुसाच्या दुखण्याने गेले. त्याच ओढ्याकाठी आज मी चढावर दम लागला म्हणून थांबते आणि छाती भरून हवा घेते. ती हवा घेताना त्या लोकांची आठवण येत नाही असं होत नाही.

पुढे फोर्ज डॅम. १७४०च्या दशकात तांब्यावर चांदीचा पत्रा चढवण्याची युक्ती ज्याला सापडली, त्या टॉमस बोल्सोव्हरने हे तळं बांधून घेतलं. आता तिथे कॅफे आहे, बदकं आहेत, रविवारी बाबागाड्यांची रांग असते. धावणाऱ्यांपैकी निम्मे इथूनच मागे वळतात. मी म्हणेन, वळू नका. यापुढे खोरं अरुंद होतं, वाट झाडांच्या मुळांवरून आणि दगडी पायऱ्यांवरून वर जाते, पाण्याचा आवाज एका कानातून दुसऱ्या कानात सरकतो, आणि मग एका कुंपणापाशी झाडं अचानक संपतात. वारा थेट तोंडावर येतो. रिंगिंगलो आलं.

इथल्या चौकात अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं टोलनाक्याचं अष्टकोनी घर आहे. हाउंडकर्कचा रस्ताही त्या काळातला टोलरस्ता. पुढे गाड्यांसाठी दुसरे रस्ते झाले आणि हा मागे पडला. आज त्यावर खडी, डबकी आणि मेंढ्या. धावायला याच्याइतका सुखाचा रस्ता मला माहीत नाही. चढ जाणवतो न जाणवतो, दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत हेदर, ऑगस्टमध्ये सगळा माळ जांभळा. जून महिन्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा कामावरून येऊन, जेवून निघालं तरी चालतं. डिसेंबरमध्ये चारलाच अंधार पडतो आणि कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात फक्त पुढची चार पावलं दिसतात.

धुकं उतरलं तर तेवढीही दिसत नाहीत. म्हणून इथल्या डोंगरी शर्यतींमध्ये कमरेच्या पिशवीत पावसाळी जाकीट आणि पँट, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र आणि शिट्टी असल्याशिवाय बऱ्याचदा धावूच देत नाहीत. वाट सोडून माळात शिरलं की पायाखालचं शास्त्र शिकावं लागतं. पांढरे कापसासारखे झुबके डुलताना दिसले की तिथे पाणी आहे, लांबून जायचं. नेच्याच्या रानातून गेलं की घरी येऊन पोटऱ्यांवर गोचिड्या शोधायच्या. हेदरच्या जुन्या खोडांवर पाऊल पडलं तर घोटा मुरगळतो. मेंढ्यांनी पाडलेली वीतभर रुंदीची पायवाट शोधावी, ती नेहमी बरोबर जागीच ओढा ओलांडते. मार्चपासून जुलैपर्यंत जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात, टिटवीच्या जातीतले, कुरल्यू, चंडोल. त्या दिवसांत वाटेवरच राहायचं. आणि हेदरमधून फडफडत उठणारा लाल ग्राउस हा पक्षी ‘गो-बॅक, गो-बॅक, गो-बॅक’ असं ओरडत दूर जातो. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा शाळेच्या इतिहासातलं ‘सायमन, गो बॅक’ आठवलं.

त्या ग्राउसपायीच हा सगळा माळ लोकांना बंद होता.

एकोणिसाव्या शतकात इथले मूर मोठ्या जमीनदारांनी कुंपणं घालून ताब्यात घेतले. पूर्वी त्यांच्यावर आसपासच्या गावांची गुरं चरत, लोक पीट खणून नेत. मग ते शिकारीसाठी राखले गेले. दरवर्षी १२ ऑगस्टला ग्राउसची शिकार सुरू होते; त्या थोड्या दिवसांसाठी वर्षभर राखणदार काठ्या घेऊन फिरत. खाली मँचेस्टर आणि शेफील्डमध्ये लाखो माणसं धुरात राहत होती, आठवड्यातून एक दिवस सुट्टी होती, आणि डोळ्यांना दिसणारा डोंगर पायांना बंद होता. शेफील्डच्या जी. एच. बी. वॉर्ड यांनी १९०० साली कामगारांचा भटकंती क्लब काढला आणि जुन्या हक्काच्या वाटा शोधून काढण्यात आयुष्य घातलं. मग २४ एप्रिल १९३२ रोजी हेफील्डजवळून सुमारे ४०० तरुण किंडर स्काउटच्या माळावर उघडपणे शिरले. पुढारी होता बेनी रॉथमन, वय वर्षं वीस. राखणदारांशी थोडी झटापट झाली. सहा जणांवर खटला भरला. नुसतं कुणाच्या जमिनीत शिरणं हा फौजदारी गुन्हा नव्हताच, म्हणून दंगलीची कलमं लावली. ज्युरीत लष्करी अधिकारी आणि जमीनदार भरलेले. पाच जणांना शिक्षा झाली, रॉथमनला चार महिने. चालण्यापायी तुरुंग.

त्या शिक्षांनी लोक बिथरले आणि जे मागणं काही क्लबांपुरतं होतं ते सगळ्यांचं झालं. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, १९५१ साली पीक डिस्ट्रिक्ट हे देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि २०००च्या कायद्याने मोकळ्या माळांवर पायी फिरण्याचा हक्क सर्वांना मिळाला. धावण्याचाही. २००२ मध्ये, त्या घटनेला ७० वर्षं झाली तेव्हा, डेव्हनशायरच्या ड्यूकनी, त्या माळाचे तेव्हाचे मालक असलेल्या आपल्या आजोबांच्या वतीने, जाहीर माफी मागितली. रॉथमन त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. ती माफी त्यांच्या कानांवर पडायला हवी होती असं मला फार वाटतं.

माझ्या पोर्टरच्या मार्गावरचा शेवटचा टप्पा, लाँगशॉ आणि पॅडली, लोकांच्या हाती आला तो दुसऱ्या रीतीने. रटलंडच्या ड्यूकनी १९२७ मध्ये लाँगशॉची जमीन विकायला काढली. एथेल हेथॉर्नथ्वेट ही शेफील्डची तरुण विधवा. नवरा पहिल्या महायुद्धात गेलेला. दुःखातून सावरावं म्हणून घरच्यांनी तिला माळावर फिरायला नेलं आणि तिने उरलेलं आयुष्य त्या माळाला दिलं. वर्गणी गोळा करून, लोकांच्या दारोदार जाऊन तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ती जमीन वाचवली आणि १९३१ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे सोपवली. बर्बेजहून खाली येताना हिगर टोर आणि कार्ल वार्क हे खडकाळ उंचवटे उजव्या हाताला राहतात, काही खडकांवर दुसऱ्या महायुद्धातल्या सरावाच्या गोळ्यांचे व्रण आहेत, कड्यांखाली तयार होऊन कधीच न विकली गेलेली दळणाची दगडी जाती पडलेली आहेत. मग ओढा ओकच्या रानात शिरतो आणि पायाखाली मुळं, शेवाळलेले धोंडे, कानांत पाणी. इथे मला वेग सांभाळावा लागतो, आणि मनात त्या बाईचं नाव असतं.

धावणाऱ्याला हा इतिहास कशाला हवा, असं पुण्यातल्या एका मैत्रिणीने विचारलं होतं. तिने घड्याळात मार्ग भरायचा आणि बाणाच्या मागे जायचं, एवढंच ठरवलेलं. मला ते पटत नाही. मार्ग घड्याळातून येत नाही. कुणीतरी आधी तो तुडवलेला असतो, कुणीतरी त्यापायी भांडलेलं असतं, आणि तुडवणं थांबलं की दोन-तीन उन्हाळ्यांत नेचा तो गिळून टाकतो.

किंडरच्या पलीकडे ब्लॅक हिल आणि ब्लीकलोच्या बाजूला हे फार ठळक दिसतं. ईडेलहून निघून स्कॉटलंडच्या सीमेवर कर्क येथमला संपणारी २६८ मैलांची पेनाइन वे ही वाट तिथून जाते. २०१९च्या जानेवारीत जास्मिन पॅरिसने याच वाटेवरची शर्यत ८३ तास १२ मिनिटांत जिंकली, सगळ्या पुरुषांच्या पुढे, आणि वाटेतल्या थांब्यांवर तान्ह्या मुलीसाठी दूध काढत. तिने धावलेल्या त्या पीटवरून पूर्वी माणसं मांडीपर्यंत रुतत. दीडशे वर्षांच्या गिरण्यांच्या धुराने आणि आगींनी शेवाळ मेलं होतं, मेंढ्यांनी उरलंसुरलं खाल्लं, पीट उघडं पडलं आणि दर पावसात वाहून जाऊ लागलं. पीटचा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. मीटरभर थर म्हणजे हजार वर्षांचा हिशेब. मग दगडी फरश्या अंथरून वाट पक्की केली, म्हणजे पावलं तेवढ्या पट्ट्यावरच पडतील आणि बाजूचा माळ भरून येईल. घळींना बांध घातले, स्फॅग्नम शेवाळाची रोपं हाताने लावली. आता तिथे हिरवं दिसतं.

त्या फरश्यांपैकी बऱ्याच पाडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीवरच्या आहेत. काहींवर यंत्रं बसवलेल्या खिळ्यांची भोकं अजून दिसतात. ज्या फरशीवर उभं राहून बायका-माणसांनी माग सांभाळले, ज्यांच्या मुलानातवंडांनी रविवारी या माळावर येण्यासाठी मार खाल्ला, ती फरशी आता माळावरची वाट झाली आहे. आणि लँकेशायरच्या गिरण्यांत १८६०च्या दशकात, अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिकडचा कापूस थांबला तेव्हा, आपल्या वऱ्हाडचा कापूस गेला होता. अमरावतीच्या नावावरून त्याला तिथल्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणत. माझ्या आईचं माहेर अमरावती जिल्ह्यातलं. त्या भोकांवर पाऊल पडतं तेव्हा परक्या देशात धावतेय असं मला वाटत नाही.

नदीखोऱ्यांच्या वाटा याहून अवघड आठवणी जाग्या करतात. लॉक्सलीच्या खोऱ्यात डेल डाइक धरणाकडे जाताना रानात एक दगड लागतो, त्यावर सी-एल-ओ-बी ही अक्षरं कोरलेली; जुन्या धरणाच्या बांधाची मध्यरेषा तिथून जात होती. ते धरण ११ मार्च १८६४च्या रात्री, पहिल्यांदाच भरत असताना फुटलं. शेफील्डपर्यंत पाणी आलं, सुमारे २४० माणसं गेली. माझी आजी शनिवार पेठेत राहायची. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेही पहिल्याच भरणीत, काम अर्धवट असताना. आजी भिंतीवरची पाण्याची खूण हाताने दाखवायची आणि मग बराच वेळ बोलायची नाही. लॉक्सलीच्या त्या दगडापाशी मी नेहमी चालत जाते, धावत नाही.

डर्वेंटच्या खोऱ्यात पाणी फुटलं नाही, अडवलं गेलं. लेडीबाउअर तलावासाठी ॲशॉप्टन आणि डर्वेंट ही दोन गावं बुडाली. डर्वेंटच्या चर्चचा मनोरा काही वर्षं पाण्यातून वर दिसत होता. १९४७ मध्ये तो सुरुंगाने उडवला. १९७६, १९९५, २०१८, २०२२ अशा कोरड्या उन्हाळ्यांत गावाच्या भिंती उघड्या पडतात आणि लोक बघायला गर्दी करतात, उजनीत पळसदेवचं देऊळ वर आलं की करतात तशीच. त्या गावातला घोड्यांच्या तांड्यांसाठी बांधलेला जुना कमानी पूल मात्र लोकांनी बुडू दिला नाही. दगडांवर आकडे घालून तो उतरवला, जपून ठेवला आणि १९५९ मध्ये खोऱ्याच्या वरच्या टोकाला, स्लिपरी स्टोन्सला, पुन्हा रचला. तलावाच्या कडेने वर जाऊन त्या पुलावरून पलीकडच्या काठाने परत, हा लांबच्या धावेचा फार देखणा मार्ग आहे. पुलावरून जाताना वाटतं, गाव गेलं तरी त्याची ये-जा कुणीतरी वाचवली.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधा कायदा आहे. इंग्लंडमध्ये एखादी वाट लोकांनी सलग २० वर्षं वापरली, जबरदस्तीने नाही, लपूनछपून नाही आणि परवानगी मागूनही नाही, तर ती सार्वजनिक मानली जाऊ शकते. हे वाचलं तेव्हा मला सातारा जिल्ह्यातलं आमचं शेत आठवलं. शेजाऱ्याने बांधावरची गाडीवाट नांगरली होती आणि आजोबा मामलेदार कचेरीच्या खेपा घालत होते. तलाठी आला, पंचनामा झाला, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं गेलं: किती वर्षांपासूनची वहिवाट आहे? आपल्याकडच्या १८८२च्या कायद्यातही आकडा वीसच वर्षांचा आहे आणि तोही असाच, शांतपणे, उघडपणे, अखंड. आजोबांच्या बाजूने बोलायला जी माणसं आली त्यांच्याकडे कागद नव्हता. ‘आम्ही इथूनच बैल नेत आलो’ एवढंच त्यांच्याकडे होतं, आणि तेवढं पुरलं. पुण्याच्या वेताळ टेकडीवर रस्त्या-बोगद्यांच्या योजनेविरुद्ध लोक उभे राहिले, तेव्हा त्यांच्याकडेही मुख्य भांडवल हेच होतं की आम्ही रोज सकाळी इथे येतो.

इथल्या जुन्या वाटा नोंदवायला २००० सालच्या कायद्याने मुदत घातली होती, २०२६ची. मग ती २०३१ केली गेली, आणि २०२४च्या डिसेंबरात ती काढूनच टाकायचं सरकारने जाहीर केलं. मुदत होती त्या काळात देशभर लोक जुने नकाशे, टोलरस्त्यांची कागदपत्रं, चर्चच्या नोंदी धुंडाळत बसले. हे काम मला धावण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आमच्या भागातून रिव्हलिनकडे उतरणारी अशी एक वाट आहे, दोन शेतं आणि एक दगडी बोळ. नकाशावर तिची नोंद नाही. गेल्या हिवाळ्यात नव्या मालकाने फाटकाला साखळी लावली. आमच्या धावण्याच्या क्लबातले एक काका, सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर पोलादाच्या कारखान्यात काम केलेले, त्यांनी कौन्सिलकडून पुराव्याचे फॉर्म आणले आणि धाव संपल्यावर सगळ्यांना वाटले. ‘तूही भर, लव्ह,’ मला म्हणाले. मी म्हटलं, माझी वर्षं वीस भरत नाहीत. तर म्हणाले, एकाची भरावी लागत नाहीत, सगळ्यांची मिळून भरली पाहिजेत. माझी जुनी आहेत, तुझी अलीकडची आहेत.

फॉर्ममध्ये विचारतात: वाट कधीपासून वापरता, कशासाठी, कुणी अडवलं का, पाटी होती का, कुणाची परवानगी घेतली होती का. सोबतच्या नकाशावर आपण जातो ती रेषा काढायची. काकांनी ‘कशासाठी’ पुढे ‘आधी कामावर जायला, आता धावायला’ असं लिहिलंय. मी माझा भरला, शेजारच्या दोन घरांतूनही भरून घेतले. निर्णयाला काही वर्षं लागतील असं कौन्सिलमधून सांगितलंय. तोवर शेताच्या खालच्या टोकापासून साखळीपर्यंत जो टप्पा उघडा आहे, तिथून मंगळवारची धाव न्यायची असं क्लबात ठरलंय, म्हणजे तेवढ्यात तरी गवत माजायचं नाही.